‘ए ढ’पासून ‘तुला काय म्हणू?’पर्यंत : प्राथमिक वर्गात सगळ्यांना सामावणारी भाषा कशी रुजवायची

मुळाक्षरांतलं एक अख्खं अक्षर आपल्याकडे शिवीसारखं वापरतात. पहिलीत ‘ढ ढगाचा’ शिकवायचा आणि तिसरीत त्याच ‘ढ’वर बोट ठेवून एखाद्या पोराला मागच्या बाकावर बसवायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही हे केलंय. रागाने नाही, अगदी सहज. ‘तो जरा ढच आहे’ असं त्याच्या आईला वर्गाच्या दारात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग त्याला त्याच नावाने हाका मारत होता. पोरांनी तो शब्द माझ्याच तोंडून उचलला होता.

तेव्हापासून पहिली ते पाचवीच्या वर्गांत जे करत आले, त्यातलं जे चाललं आणि जे फसलं, ते इथे लिहिते आहे. ‘हा शब्द वाईट, तो चांगला’ अशी यादी भिंतीवर लावून मुलांकडून पाठ करून घेण्याचा प्रयोग आधी केला होता. आठवडाभरात मुलं एकमेकांना चिडवायला त्या यादीतलेच शब्द वापरायला लागली. शोधायचे कष्टही वाचले! म्हणून यादी नको. दोन सवयी लावायच्या आहेत : बोलताना ऐकणाऱ्याकडे बघायचं, आणि काय म्हणावं ते कळत नसेल तर त्यालाच विचारायचं.

पहिला आठवडा : फक्त ऐका

पर्समध्ये मावेल अशी एक छोटी वही घ्या. परिपाठ, मधली सुट्टी, पोषण आहाराची रांग, शाळा सुटतानाचा गोंधळ या चार वेळांना कान उघडे ठेवा. कानावर पडलेला शब्द लिहा आणि तो कशावरून होता ते लिहा : शरीरावरून, घरावरून, मुलगा-मुलगी म्हणून, की बोलण्याच्या लकबीवरून. मुलांची नावं लिहू नका. वही कुठेतरी पडते आणि नको त्याच्या हाती लागते.

या आठवड्यात कुणाला टोकू नका. कुणी रडत असेल तेवढाच अपवाद.

याच वहीत एक पान स्वतःसाठी ठेवा. माझ्या पानावर पहिल्याच आठवड्यात सात नोंदी झाल्या. ‘अरे बहिरा आहेस का?’ ‘मुलींनो, जरा वर्ग झाडून घ्या.’ ‘दोन दणकट मुलगे या, बाक उचलायचाय.’ ‘मुलीसारखा काय रडतोस?’ बाकीच्या तीन इथे लिहायची लाज वाटते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ सालीच मुलांना शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास द्यायलाही मनाई केली आहे. छडी आपण टाकली. त्या कलमातला दुसरा अर्धा भाग मात्र आपल्याला सोयीस्करपणे आठवत नाही.

नावांपासून सुरुवात

मोठे विषय नंतर. पहिला तास नावांचा घ्या, कारण तो विषय प्रत्येक मुलाचा असतो. प्रत्येकाला कागदाचा चिटोरा द्या आणि दोन ओळी लिहायला सांगा :

मला … म्हणा.
मला … म्हणू नका.

पहिली-दुसरीतल्या मुलांना लिहायला सांगू नका. ती टेबलापाशी येऊन कानात सांगतील, तुम्ही लिहून घ्या. चिठ्ठ्या गोळा करा. पहिली ओळ वर्गाला वाचून दाखवा, दुसरी कधीच नाही. दुसरी ओळ वाचलीत की पुढच्या दहा मिनिटांत ते नाव मैदानात पोचतं. मी एकदा वाचली होती, म्हणून सांगते.

एका मुलाला गावात सगळेच ‘काळ्या’ म्हणायचे. त्याची आईसुद्धा, आणि तिच्या तोंडी ते लाडाचं होतं. त्याच्या चिठ्ठीत दुसरी ओळ अशी होती : ‘काळ्या. घरी चालेल, शाळेत नको.’ तिसरीतल्या पोराने एका ओळीत सांगितलेलं हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. शब्द तोच असला तरी तो कोण म्हणतंय आणि कुठे म्हणतंय यावर तो कुरवाळतो की बोचतो ते ठरतं. पुढे कुणी ‘पण त्याची आई तर म्हणते’ असं म्हणालं की मी एवढंच विचारते, ‘तू त्याची आई आहेस का?’ वर्ग हसतो आणि मुद्दा पोचतो.

इथेच दोन गोष्टी आपल्या कामातही बदला. मुलांना आडनावाने हाक मारू नका. आपल्याकडे आडनावावरून जात शोधायची खोड चौथीतल्या मुलांनाही लागलेली असते. आणि हजेरीत आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली असा क्रम असेल, तर निदान तोंडी हजेरी पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने घ्या. नोंदवहीचा क्रम बदलायला कुणाची परवानगी लागेल, पण तोंडाला ती लागत नाही.

व्याकरणाच्या तासाला लपलेली मदत

मराठी इथे आपल्या बाजूने आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तिला तिसरं लिंग आहे. फळ्यावर लिहा : मुलगा – मुलगे, मुलगी – मुली, मूल – मुलं. मग काही न सांगता म्हणा, ‘मुलं उभी राहा.’ माझ्या वर्गात फक्त मुलगे उठले. मुली माझ्याकडे बघत बसून राहिल्या. ‘मुलं’ हे ‘मूल’चं अनेकवचन, त्यात तुम्ही सगळी आलात, असं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘मग मुलग्यांना मुलगे म्हणा ना!’ बरोबर आहे. आपणच ‘मुलं आणि मुली’ म्हणत राहिलो आणि सगळ्यांचा शब्द एकट्या मुलग्यांना देऊन टाकला.

तसंच दोघे, दोघी आणि दोघं. दोन मुलगे आले तर ‘दोघे आले’, दोन मुली आल्या तर ‘दोघी आल्या’, एक मुलगा आणि एक मुलगी आली तर ‘दोघं आली’. जोड्या करून दारातून आत आणा, बाकीच्यांनी वाक्य ओरडून म्हणायचं. दुसरीच्या मुलांना हा खेळ इतका आवडतो की थांबवावा लागतो. भाषेचा तासही होतो आणि कुणी वाक्याबाहेर राहत नाही.

तिसरी-चौथीसाठी रिकाम्या जागा द्या. ‘डॉक्टर …’, ‘नर्स …’, ‘सरपंच …’, ‘एसटीचे ड्रायव्हर …’, ‘शिपाई …’, ‘मुख्याध्यापक …’. पुढे आला, आली, आले, आल्या यांपैकी काहीही भरायचं. मराठीत क्रियापद लपवाछपवी करू देत नाही; मुलांच्या डोक्यात कोण उभं आहे ते त्यातच उमटतं. डॉक्टर ‘आले’ आणि नर्स ‘आल्या’ हे अपेक्षितच होतं. गंमत झाली सरपंचांची. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि त्या वर्षी आमच्या गावच्या सरपंच एक ताईच होत्या. १५ ऑगस्टला झेंडा त्यांनीच फडकवला होता. तरी वर्गाने एकमुखाने लिहिलं, ‘सरपंच आले.’ मी विचारलं तर उत्तर आलं, ‘बाई, नाव ताईंचं आहे, पण बघतात दादाच ना.’ यावर मी भाषण केलं नाही. ‘मग कागदावर सही कुणाची असते ते बघून या’ एवढंच म्हणाले. दोन जणी खरोखर ग्रामपंचायतीत जाऊन बघून आल्या.

याच अभ्यासात दुसरा पदर आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो : ‘आला’ आणि ‘आले’ यांतला फरक. ‘मुख्याध्यापक आले’ पण ‘शिपाई आला’. ‘मॅडम आल्या’ पण ‘खिचडीवाली आली’. मुलांना विचारा, आदराचं क्रियापद कुणाला मिळतं आणि कुणाला नाही? यादी त्यांनाच करू द्या. आमच्या वर्गाने ठरवलं की शाळेत काम करणारं मोठं माणूस कुणीही असो, क्रियापद आदराचंच. आहार शिजवणाऱ्या मावशी ‘आल्या’ व्हायला फार दिवस लागले नाहीत. घंटागाडीवरच्या काकांना मात्र वर्ष लागलं.

बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये घरकाम करणारे पुरुष आणि डॉक्टर, वाहतूक पोलीस अशा स्त्रिया चित्रांत आल्या, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली होती. अशी चित्रं कुठल्याही पुस्तकात असोत, नुसती दाखवू नका. चित्रावर वाक्यं करून घ्या. ‘बाबा आईला मदत करतात’ असं वाक्य हमखास येतं. मग विचारा, मदत म्हणजे काय? जेवण एकटी आईच जेवते का?

अपंगत्वाबद्दल बोलताना

इथे मोठ्यांचाच जास्त गोंधळ असतो, म्हणून आधी आपलं डोकं साफ करू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. आता त्यात स्वमग्नता (ऑटिझम) आहे, अध्ययन अक्षमता आहे, आणि विदर्भातल्या व नंदुरबारकडच्या शिक्षकांना चांगला माहीत असलेला सिकल सेल हा रक्ताचा आजारही आहे. म्हणजे वर्गातलं ‘धड दिसणारं’ मूलही त्यात असू शकतं. ‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवल्यावर सरकारी कागदांत रुळला. चळवळीतल्या अनेकांना त्यातलं ‘दिव्य’ पटलं नाही. आम्हाला देवत्व नको, जिन्याशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार द्या, असा त्यांचा सूर होता. अर्जावर दिव्यांग लिहावं लागतं, ते लिहा. समोरच्या माणसाला काय म्हणायचं ते त्याला विचारा.

मुलांना मी तीनच गोष्टी सांगते. पहिली : गरज नसेल तर ती गोष्ट बोलायचीच नाही. ‘चष्मिसने पेन्सिल घेतली’ या वाक्यात चष्म्याचं काय काम? दुसरी : गरज असेल तेव्हा साधं सांगायचं. ‘तिला ऐकू येत नाही, ती खुणांनी बोलते.’ ‘तो बोलताना अडखळतो, थांबून ऐक.’ ‘तो चाकाची खुर्ची वापरतो.’ तिसरी : ‘बिचारा’ हा शब्द वर्गाबाहेर ठेवायचा. तो शिवीसारखा वाटत नाही, म्हणून जास्त चिवट असतो.

शब्द बदलला म्हणजे काम झालं असं समजू नका. ‘मतिमंद’ हा शब्दही कधीकाळी ‘वेडा’पेक्षा सभ्य म्हणूनच आला होता. पुढे त्याची शिवी झाली, आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. परवाच मैदानात एक पोर दुसऱ्याला ‘ए स्पेशल’ म्हणताना ऐकलं. बोलण्याचा सूर तोच राहिला तर पुढचा शब्दही तिथेच जाऊन पडणार.

मग लंगडी आणि आंधळी कोशिंबीर या खेळांचं काय? प्रशिक्षणात हा प्रश्न निघाला की तास तिथेच संपतो. माझं मत विचाराल तर खेळांची नावं राहू द्या. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ किंवा ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ या म्हणी शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत येणारच. त्यांचा अर्थ शिकवा, पण त्या एखाद्या मुलाकडे बघून वापरू नका. आमच्याकडे पायाला कॅलिपर लावणारी एक मुलगी होती. खेळाच्या नावाचं काय करायचं ते मी तिलाच बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, ‘लंगडी म्हणा की. पण मला खेळायला घ्या.’ शब्दांची काळजी करताना तिला वर्षभर गुण लिहायला बाहेर बसवलेलं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग मुलांनीच नियम काढला : तिला बाद करायला दोनदा शिवावं लागेल.

‘अशुद्ध’ हा शब्द पुसा

आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात, मराठवाड्यातून. चार-पाच महिने राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की जातात. त्यांच्यातल्या एकीने पहिल्या दिवशी ‘कामून?’ विचारलं आणि वर्ग फुटला. त्या दिवसानंतर तिने तीन आठवडे तोंड उघडलं नाही. पोरं हसली हे खरं, पण ‘नीट बोल, शुद्ध बोल’ हे वाक्य वर्गात रोज कोण म्हणत होतं?

आता मी ‘घरची भाषा’ आणि ‘पुस्तकाची भाषा’ असे दोनच शब्द वापरते. दोन्ही लागतात, कुठे कोणती ते शिकायचं. भिंतीवर मोठा कागद लावा आणि एका शब्दाची जितकी रूपं मुलांच्या घरी आहेत तितकी लिहा. ‘का’साठी आमच्याकडे कशाला, कशापायी, कामून, काहून जमले. ‘मुलगा’साठी पोरगा, लेकरू, पोऱ्या, आणि एकीच्या मालवणी आजीमुळे झील. ज्याच्या घरून शब्द आला त्याने तो उच्चारून दाखवायचा आणि बाकीच्यांनी म्हणायचा. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वहीत ‘पाणी’ लिहायला जरूर शिकवा, पण तो तहानलेला असताना नको.

हिंदी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला ‘भैय्या’, पारधी वस्तीवरच्या मुलाकडे बघून ‘पेन्सिल कुणी चोरली?’ हेही याच तासात घ्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, हे चौथी-पाचवीच्या मुलांना सांगता येतं. कागदावरून उतरलेला शिक्का तोंडावर अजून आहे का, हे त्यांना विचारा.

घर आणि जात : इथे आपणच जपून

‘बाबांची सही आणा’ हे वाक्य सोडा. ‘घरच्या मोठ्यांची सही आणा’ म्हणा. कुणाचे बाबा नसतात, कुणाची आई तोडीला गेलेली असते आणि घरी आजी असते. ‘माझे बाबा’ असा निबंध देण्याऐवजी ‘माझ्या घरातलं एक माणूस’ द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव येतं. ही मुलं पहिलीत येतील तेव्हा पूर्ण नाव सांगायची पद्धत बदललेली असेल, तर आतापासून ‘आईचं नाव लावून सांग बरं’ म्हणायला हरकत नाही. मात्र सक्ती नको.

जातीबद्दल प्राथमिकच्या मुलांशी बोलायचं की नाही? मुलं बोलतच असतात, फक्त आपल्यासमोर नाही. पण पहिली चूक बहुतेक वेळा टेबलाच्या अलीकडून होते. शिष्यवृत्तीची यादी करायला ‘एससीची मुलं उभी राहा’ असं वर्गात म्हणणं आजही ऐकू येतं. यादी दाखल्यांवरून करा. कमी असलेला कागद पालकांकडून मागा. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पत्ता सांगताना मूल जुनं नाव म्हणालं तर ओरडू नका, त्याला घरीच तसं शिकवलेलं असतं. तुम्ही नवं नाव वापरा आणि तेच फळ्यावर लिहा. जातीचं नाव शिवी म्हणून आलं, तर मात्र तो गमतीचा विषय नाही. त्याच दिवशी दोन्ही घरांशी बोलायचं, मुख्याध्यापकांना सांगायचं.

‘बायल्या’, ‘छक्का’ हे शब्द आता दुसरीतही येतात, मोबाइलमधून. अर्थ विचारला तर मुलांना माहीत नसतो. तृतीयपंथी माणसं असतात, तीही कुणाची तरी मुलं असतात, आणि माणसाची शिवी करायची नाही, एवढं या वयाला पुरतं.

शब्द सुटलाच तर

सुटणारच. त्या क्षणी काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवलं नसेल तर आपण एक तर ओरडतो, नाही तर ऐकलं नाही असं दाखवतो. माझी तीन वाक्यं ठरलेली आहेत.

‘मी ऐकलं.’ आवाज न चढवता.
‘तुला काय सांगायचं होतं?’ बहुतेक वेळा उत्तर साधं असतं : त्याने माझी जागा घेतली, ती मला खेळायला घेत नाही.
‘मग तेच सांग, तो शब्द न वापरता.’

एवढंच. वर्गासमोर ‘सॉरी म्हण’ अशी जबरदस्ती करू नका. त्यामुळे ज्याला बोललं गेलं त्याच्याकडेच पुन्हा सगळ्यांच्या नजरा वळतात. त्या मुलाशी नंतर, पायऱ्यांवर किंवा नळापाशी, एकटं बोला. ‘तुला काय हवंय, मी काय करू?’ असं विचारा. कधी कधी उत्तर ‘काही नको’ असं येतं. ते ऐका. ‘मी मजेत म्हटलं’ असं म्हणणाऱ्याला विचारा, ‘मजा किती जणांना आली?’ तिसऱ्यांदा तेच झालं तर घरी कुणाशी तरी बोलायची वेळ आली, असं समजा.

पालक सभेत

‘आम्हालाही मास्तर गाढव म्हणायचे, आमचं काही बिघडलं नाही’ असं कुणीतरी म्हणणारच. वाद घालू नका. पालकांनाही चिठ्ठी द्या : ‘शाळेत असताना मला काय म्हणायचे?’ नाव लिहायचं नाही. आमच्या सभेत पन्नाशीच्या आजोबांनीही लिहिलं. चिठ्ठ्या वाचल्यावर खोलीत जो सन्नाटा झाला, त्यानंतर मला वेगळं काही सांगावं लागलं नाही. शाळा व्यवस्थापन समितीलाही याच सभेत सामील करून घ्या. कुणी ‘हे नवीन फॅड कुठून आणलं?’ विचारलं तर रोजच्या प्रतिज्ञेतली ओळ म्हणून दाखवा, ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’. ती आपण त्यांच्याही लहानपणापासून म्हणत आलोय.

तीन महिन्यांनी

पुन्हा तीच वही, पुन्हा एक आठवडा. शब्द कमी झाले का एवढंच बघू नका, कारण तुम्ही जवळ आलात की ते थांबतात. बघायचं ते हे : तुम्ही न सांगता एखादं मूल दुसऱ्याला टोकतं का? नव्या आलेल्या मुलाला कुणी ‘तुला काय म्हणू?’ विचारतं का? गप्प बसणारी मुलं वर्गात बोलायला लागली का? आमच्या त्या ‘कामून’वालीने जाण्याच्या आदल्या आठवड्यात परिपाठाला गोष्ट सांगितली, तिच्या घरच्या भाषेत.

स्वतःचं पानही परत भरा. ‘बहिरा आहेस का’ माझ्या तोंडून अजून पूर्ण गेलेलं नाही. म्हणून वर्गाला सांगून ठेवलंय, माझा शब्द सुटला की हात वर करायचा. गेल्या सत्रात अकरा वेळा हात वर झाले. त्यातले तीन उगाच होते.